रीत कोणती आणि मुकाटपणा कोणता?

(फोटोशूटच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी मुंबईत घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून तुम्ही एकमेकींच्या ओळखी करून घेताय, तेव्हा माझीही करून देते. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं वस्त्यांमधल्या आणि वसतिगृहांमधल्या मुलींबरोबर काम करते आहे. कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नाही. मग फोटोशूटवर कसं वागावं हे सांगायला मी कशी उभी राहिले? कारण चार वर्षांपूर्वी याच विषयावर मी एक कागद लिहिला होता आणि तो कागद चुकीचा होता. त्याचं काय झालं ते सांगणार आहे. पण आधी कामाचं बोलू.

तुमच्यापैकी बऱ्याचजणी साड्यांच्या, दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी मॉडेल म्हणून उभ्या राहणार आहात. तिघीजणी मेकअपचा कोर्स करून मदतनीस म्हणून लागताहेत. मागे बसलेली एकजण फोटोग्राफरची असिस्टंट होणार आहे, तिचं विशेष कौतुक. कामं वेगळी असली तरी पहिल्या दिवशीची भीती सगळ्यांची एकच : आपलं काहीतरी चुकेल आणि पुन्हा बोलावणार नाहीत. ही भीती खोटी नाही. हा धंदा ओळखीवर चालतो. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपट नाही. कुणीतरी कुणाला फोन करून म्हणतं, "ती मुलगी बरी आहे, वेळेवर येते," की पुढचं काम मिळतं.

माझी स्वतःची पहिली चूक सांगते. आमच्या गटाच्या एका पोस्टरसाठी एका ओळखीच्या फोटोग्राफरने स्टुडिओत फोटो काढून द्यायचं कबूल केलं होतं. मी आत शिरले, समोर पांढरीशुभ्र जागा दिसली, आणि चपलांसकट सरळ त्या जागेवर जाऊन उभी राहिले. लाइट लावणारे दादा ओरडलेच, "ताई, उतरा, उतरा!" मला वाटलं, देवळात चपला घालून गेल्यासारखं झालं. मग त्यांनी समजावलं. तो मोठ्या रोलचा कागद असतो. वरून खाली सोडून जमिनीवर पुढे पसरलेला, म्हणजे फोटोत भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. त्यावर पाऊल उमटलं की ते फोटोत दिसतं, मग तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि नवा कागद ओढायचा. त्या कागदाचे पैसे पडतात. माझ्या चपलेने दोन हात कागद फुकट गेला होता.

मला राग आला नाही, कारण मला कारण कळलं. हे लक्षात ठेवा, याकडे पुन्हा येणार आहे.

सेटवरच्या बहुतेक रिती अशाच आहेत, प्रत्येकीमागे कुणाचे तरी कष्ट आहेत. वेळेचंच घ्या. 'कॉल टाइम आठचा' म्हणतात तेव्हा आठ वाजता दारातून धापा टाकत शिरायचं नसतं. आठला तुम्ही मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या असायला हव्यात. मेकअप आणि केस मिळून सहज दीड-दोन तास जातात. स्टुडिओ भाड्याचा असतो, तो शिफ्टवर घेतलेला असतो. तुम्ही अर्धा तास उशिरा आलात, तर फोटोग्राफर गाडीतून घरी जाईल, पण सामान आवरणारे लाइटमन आणि कपबशा धुणारे स्पॉटदादा शेवटच्या लोकलच्या मागे धावतील. तेव्हा जागा नीट माहीत नसेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या. अंधेरीत एकाच नावाच्या दोन-दोन इंडस्ट्रियल इस्टेटी सापडतात.

मॉडेल म्हणून जाणार असाल, तर चेहरा धुऊन, कसलाही रंग न लावता जा. केस धुतलेले असावेत. सांगितलं नसेल तर तेल लावू नका, आईने कितीही आग्रह केला तरी. नखांना पॉलिश नको. येताना सैल कपडे घाला. घट्ट इलॅस्टिकचे वळ त्वचेवर तास तास राहतात आणि ते नंतर कॉम्प्युटरवर पुसणाऱ्या माणसाची रात्र जाते. पुढून बटणं असलेला शर्ट बरा, म्हणजे कपडे बदलताना डोक्यातून काढावा लागत नाही, केस आणि मेकअप बिघडत नाही. अंगाच्या रंगाचे आतले कपडे, एक मोठी ओढणी, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली आणि थोडं खाणं स्वतःचं ठेवा. चक्कर येईपर्यंत उपाशी राहणं हा कामाचा भाग नाही. भूक लागली तर सांगायचं.

तिथले कपडे पुष्कळदा दुकानातून उसने आणलेले असतात आणि परत करायचे असतात. म्हणून तर स्टायलिस्ट नव्या चपलांच्या तळव्यांना टेप चिकटवते. त्या साडीवर चहाचा थेंब पडला, तर त्याची भरपाई तिच्या मजुरीतून जाऊ शकते. साडी नेसवल्यावर तिच्या परवानगीशिवाय बसू नका, खाऊ नका. ब्लाउज मागून चिमट्यांनी घट्ट केलेला असतो, तो स्वतः ओढून काढायचा नाही, तिला हाक मारायची.

लाइटच्या स्टँडला हात लावायचा नाही. ते वाळूच्या पिशव्या ठेवून तोललेले असतात. कॅमेऱ्यापासून कॉम्प्युटरपर्यंत वायर गेलेली असते, तिच्यावरून चालायचं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याभोवती गर्दी करू नये आणि "माझं नाक असं का दिसतंय" हे तर अजिबात विचारू नये. फोटो चालू असताना मॉडेलशी एकाच माणसाने बोलायचं असतं. मदतनीस मुलींनो, केसाची बट सुटलेली दिसली तर "थांब, थांब" असं ओरडू नका, तुमच्या वरिष्ठांना हळूच सांगा. आणि मॉडेलच्या अंगाला हात लावण्याआधी, बाई असलात तरी, विचारा : "पदर सरळ करू का?" तिला दिवसभर दहा हात लागत असतात. विचारून लागलेला हात वेगळा असतो.

स्वतःच्या मोबाइलवर तिथले फोटो काढून मैत्रिणींना पाठवू नका. ज्या दागिन्यांचा फोटो निघतोय ते अजून बाजारात आलेले नसतात. आणि सगळ्यांची नावं विचारून घ्या. चहा देणाऱ्याचं आधी विचारा, तो अडचणीत सर्वांत आधी उपयोगी पडतो. हे मी स्वार्थाने सांगते आहे असं वाटेल, थोडं तसंच आहे.

आता तो कागद.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या दोन-तीन मुलींना अशी कामं मिळायला लागली होती. मी एका कोऑर्डिनेटरशी बोलले आणि 'सेटवर कसे वागावे' असा एक पानभर मजकूर तयार केला. चौदा नियम होते. आत्ता सांगितलं ते बरंचसं त्यात होतं. पण सहावा नियम होता, 'फोटोग्राफर सांगतील ते निमूटपणे करावे.' आणि अकरावा, 'कारणे विचारत बसू नये, आपण नवीन आहोत हे विसरू नये.' हे मी लिहिलं. मी, जी वस्तीत बायकांना सांगत फिरते की प्रश्न विचारा.

त्यातली एक मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिचं नाव-गाव सांगत नाही, तिने एवढं सांगायची परवानगी दिली आहे. चनिया-चोळीच्या कॅटलॉगचं काम होतं. दिवसभर सगळं व्यवस्थित झालं. ती वेळेवर गेली, कागदावर चपला घालून गेली नाही, निमूट राहिली. संध्याकाळी पॅकअप झाला. स्टायलिस्ट कपडे घेऊन गेली, कंपनीची माणसं गेली. फोटोग्राफर म्हणाला, "तू छान काम केलंस, तुझ्या पोर्टफोलिओसाठी दोन फ्रेम काढून देतो, पैसे नको." तिला बरंच वाटलं. मग त्याने लाइटमनला घरी पाठवलं. मग म्हणाला, शर्टाचं एक बटण काढ. मग अजून एक. मग म्हणाला, अशी काय अवघडतेस, प्रोफेशनल मुली अशा करत नाहीत.

तिने मला नंतर काय सांगितलं ते ऐका. ती म्हणाली, "ताई, मला निघून जायचं होतं. पण मला वाटलं, तसं जाणं बरं दिसणार नाही."

त्या दिवशी पुढचं टळलं, ते केवळ मेकअप करणाऱ्या मावशी विसरलेली ब्रशची पिशवी न्यायला परत आल्या म्हणून. त्यांनी दारातून एकदा बघितलं आणि "चल गं, मी स्टेशनकडेच जाते आहे," एवढंच म्हणाल्या. तिच्या पर्समध्ये माझा तो कागद घडी घालून ठेवलेला होता. सहाव्या नियमासकट.

या प्रसंगानंतर मी पुष्कळ दिवस या विषयावर बोललेच नाही. मग जाणाऱ्या मुलींबरोबर काही शूट्सना जाऊन कोपऱ्यात बसले, मावशींशी बोलले, लाइटमनशी बोलले. चूक माझ्या लक्षात आली ती अशी. मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली लिहिल्या होत्या. कागदावर चपला न घालणं ही रीत आहे. तिच्यामुळे कुणाचं तरी काम वाचतं, ती सगळ्यांना लागू आहे, फोटोग्राफरलाही, आणि तिचं कारण भर सेटवर मोठ्याने सांगता येतं. लाइटमनने मला सांगितलंच की. 'नाही म्हणायचं नाही' ही रीत नव्हे. तिच्यामुळे कुणाचंही काम वाचत नाही, ती फक्त नव्या मुलीला लागू आहे, आणि तिचं कारण चारचौघांत सांगायला सांगितलं तर तो माणूस विषय बदलेल. त्याने लाइटमनला घरी पाठवलं होतं, यातच सगळं आलं.

म्हणून काही नवीन सांगितलं गेलं की कारण विचारायचं. उर्मटपणे नव्हे, शिकायच्या आवाजात. "सर, हे कशासाठी?" कामाची गोष्ट असेल तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

आता मेकअपवाल्या मुलींसाठी एक गोष्ट, कारण त्यांना 'इथे अशीच पद्धत आहे' हे वाक्य पुष्कळ ऐकावं लागणार. मुंबईच्या सिनेमाच्या सेटवर कित्येक दशकं पद्धत होती की मेकअप पुरुषांनीच करायचा, बाईने फक्त केस करायचे. संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड बाईला मिळत नसे. चारू खुराना या प्रशिक्षण घेतलेल्या मेकअप आर्टिस्ट, त्या आणि इतर काहीजणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की बाई आहे म्हणून हे काम नाकारणं घटनेच्या विरुद्ध आहे. लक्षात घ्या, २०१४! तोपर्यंत ती 'पद्धत' होती आणि ती मोडणारी बाई म्हणजे भांडखोर.

आणि फोटोग्राफरची असिस्टंट होणाऱ्या आपल्या मैत्रिणीला होमाई व्यारावाला यांची आठवण करून देते. भारतातल्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. तेव्हा बाई, कॅमेऱ्याच्या बॅगा उचलायच्या, लेन्स पुसायच्या, पण तू काढलेल्या फोटोखाली कुणाचं नाव जातं तेही बघायचं.

इथे आम्हा चळवळीतल्या बायकांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. आपण जाहिरातींवर खूप बोललो. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ साली झाला, त्यामागे बायकांच्या संघटनांचे कष्ट आहेत आणि ते मला मोलाचेच वाटतात. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीवरून मुंबईत गदारोळ झाला होता. त्यात मधू सप्रे आणि मिलिंद सोमण होते. मी तेव्हा लहान होते, नंतर वाचलं. खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. त्या फोटोवर केवढी चर्चा झाली! पण फोटोत उभं राहणं हेही एक काम आहे, त्याला तास असतात, मजुरी असते, कपडे बदलायला आडोसा लागतो, रात्री घरी जायला गाडी लागते, यावर आमच्या मासिकांतून काय आलं म्हणून मी जुने अंक चाळले. फार थोडं सापडलं. 'बाईचं असं चित्र नको' म्हणताना चित्रातली बाई संध्याकाळी कितीला सुटली, हे विचारायचं राहून गेलं. या शिबिराला आमच्यातल्याही दोघी-तिघींनी नाकं मुरडली, हे तुम्हाला सांगून टाकते.

कायद्याचं थोडक्यात. १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागला, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. मुली मला सांगतात, "ताई, आम्ही कुठे नोकरीला आहोत? एका दिवसाचं तर काम." या कायद्यात रोजंदारीवरची, तात्पुरती, एजंटामार्फत आलेली, शिकाऊ, बिनपगारी, सगळ्या येतात. कामानिमित्त तुम्ही जिथे जाता ती जागा, आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा, कामाचं ठिकाण धरली जाते. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. पण आपल्या फोटोग्राफरकडे चारच माणसं असतात ना? आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध! त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

ती एकोणीस वर्षांची मुलगी तक्रार करायची की नाही हे ठरवत राहिली. घरी कळलं तर बाहेर पडणंच बंद होईल, ही तिला भीती. मी तिला ढकललं नाही. त्यात मुदत निघून गेली. मी बरोबर केलं का, मला माहीत नाही. पण मुदतीचा कायदा तिला पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगायला हवा होता, तो मी सांगितला नाही. म्हणून आता सर्वांना आधीच सांगते.

फोटोंबद्दल एक. बाईने खासगी स्थितीतला फोटो काढायला होकार दिला, पण तो इतरांना दाखवायला दिला नाही, आणि तरी तो पसरवला, तर तो गुन्हा आहे. हे २०१३ पासून दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. "तूच तर काढू दिलास" हे उत्तर चालत नाही.

परदेशातही हे सहज झालेलं नाही. अनेक मॉडेल्सनी उघडपणे बोलल्यानंतर २०१८ मध्ये 'व्होग' काढणाऱ्या काँदे नास्ट कंपनीला नियमावली करावी लागली : मॉडेल अठरा वर्षांवरची हवी, सेटवर दारू नको, अंगप्रदर्शनाचा फोटो असेल तर आधी ठरलेलं हवं. एवढ्या मोठ्या मासिकांना जे लिहून काढावं लागलं, ते आपण फोनवर विचारायला का लाजायचं?

तर फोनवर काय विचारायचं? काम कसलं, कपडे कसले, कोणकोण असणार, किती वाजता सुटणार. कपडे बदलायची जागा आणि संडास आहे का. बाहेरगावी किंवा रस्त्यावर शूट असेल तर हे दोनदा विचारा. पैसे किती, कधी, आणि कमिशन कुणाचं. फोटो कुठे वापरणार आणि किती दिवस. फक्त कॅटलॉगसाठी म्हणून घेतलेला चेहरा पाच वर्षांनी होर्डिंगवर दिसू नये, यासाठी हे कागदावर हवं. सही करायच्या आधी कागद वाचायचा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. मघाशी सेटवरचे फोटो काढू नका म्हटलं, पण हा जरूर काढा. 'नाव नोंदवायला पैसे भरा' असं कुणी म्हटलं तर आधी आम्हाला फोन करा. आणि पहिल्या काही वेळा कुणाला तरी बरोबर न्या. "बरोबर कुणी आणायचं नाही" असं सांगितलं, तर "मग ती बाहेर बसेल" म्हणा. बाहेरही बसू देत नसतील, तर ते काम सोडा. पैशांची किती गरज आहे हे मला माहीत असताना हे म्हणते आहे. अशा वेळी गटाच्या निधीतून त्या दिवसाची मजुरी द्यायचा ठराव आम्ही केला आहे. निधी फार नाही, पण आहे.

नवा कागद तुमच्या हातात आहे. त्यात वेळेपासून चपलांपर्यंत सगळं आहे. सहावा नियम आता मेकअपच्या त्या मावशींनी सांगितलेला आहे, त्यांच्याच शब्दांत : 'पॅकअप झाला की सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं, मागे एकटीने थांबायचं नाही, आणि दुसरी मागे राहिली असेल तर ब्रश विसरल्याचं सांगून परत जायचं.' त्यांना मी विचारलं, त्या दिवशी ब्रश खरंच विसरला होतात का? त्या हसल्या, उत्तर दिलं नाही.

आता खुर्च्या मागे सरकवा आणि दोघी-दोघींच्या जोड्या करा. एक फोटोग्राफर, एक मॉडेल. "हे ठरलं नव्हतं, मी करणार नाही," हे वाक्य प्रत्येकीने मोठ्याने म्हणायचं. पहिल्यांदा हसू येईल, येऊ द्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणायचं आहे. सुरुवात उजवीकडच्या जोडीपासून करू.